कडीबाई

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर एका सकाळी 'आईला विकून टाका' असं लिहिलेलं होतं. 'विकून टाका' ताईचं आणि 'आईला' माझं. झालं होतं असं की, ताईने 'पंखा विकून टाका' असं लिहून ठेवलेलं. मला त्या जागी 'आईला दवाखान्यात न्यायचंय' लिहायचं होतं. 'पंखा' पुसला, 'आईला' लिहिलं आणि फोन वाजला. मी फोनवर बोलत बसलो आणि इकडे आई फळ्यासमोर चष्मा पुसत उभी.

"गिऱ्हाईक ठरलंय, की अजून शोधताय?" तिने विचारलं.

मी पोट धरून हसत होतो. ताई मात्र हसली नाही. "अर्धवट लिहून निघून गेलास," ती म्हणाली. "याच गाढवपणाशी मी दिवसभर ऑफिसात भांडते."

ताई रुग्णालयातल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिते. संगणकात एका वेळी पुष्कळ प्रोग्रॅम चालू असतात आणि प्रत्येकाला मेमरीत आपापली खोली असते. ऑपरेटिंग सिस्टीम ही त्या इमारतीची कडक मालकीण. ती कुणाला कुणाच्या खोलीत डोकावू देत नाही. पण दोघांची सारखी देवघेव असेल, तर मधल्या भिंतीवर एक सामाईक फळा टांगून देते. त्याला म्हणतात शेअर्ड मेमरी. निरोप्याच्या येरझाऱ्या वाचतात, काम झपाट्याने होतं. मात्र फळा दिला की मालकीण मोकळी. कुणी कधी लिहायचं, कधी वाचायचं, ते भाडेकरूंनी आपसात ठरवायचं. नाही ठरवलं, तर आई विकली जाते.

म्हणून ताई फळ्याला कडी लावते. एकाचं काम चालू असेल तोवर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आणि शेवटी निघेल त्याने फळा उतरवून मालकिणीला परत करायचा, नाहीतर तो उगाच जागा अडवून बसतो. घरात दिवा चालूच ठेवून उठणाऱ्यालाही ती हेच ऐकवते. ऑफिसात तिचं नाव पडलंय कडीबाई.

खोड जुनीच. लहानपणी आम्हा दोघांत एकच कपाट. मी न विचारता तिच्या खणात हात घालायचो, म्हणून तिने दाराला सायकलची घंटा बसवली. आधी वाजवायची, मग उघडायचं. विसरलो की माझी बोटं दारात!

परवा ऑफिसात भांडण पेटलं, ते असंच. एक प्रोग्रॅम खाटेचा नंबर आणि पेशंटच्या नाडीचे ठोके फळ्यावर लिहायचा, दुसरा ते उचलून नर्सच्या पडद्यावर आलेख काढायचा. पडदा मधूनच अडखळायचा. दुसऱ्याच दिवशी बडं गिऱ्हाईक यंत्र बघायला येणार होतं.

"कडीबाई, ती कडी काढा," साहेब म्हणाले. "पडदा कसा लोण्यासारखा सरकला पाहिजे."

"नाही काढणार."

"अहो, घोटाळा झालाच तर लाखात एकदा होईल!"

"तो कुणाच्या खाटेवर, तेवढं सांगा. नंबर एकाचा आणि ठोके दुसऱ्याचे दिसले, तर नर्सने धावायचं कुणाकडे?"

"तुम्ही नाही काढलीत तर दुसरं कुणी काढेल. तुम्ही मग दुसरी नोकरी बघा."

"बघीन की! पण जो काढेल त्याने खाली आपलं नाव लिहायचं, ठळक. आहे का कुणी?"

सगळ्यांना एकदम आपापल्या कीबोर्डवरची धूळ दिसू लागली.

मग ताईने साहेबांनाच खुर्ची ओढून शेजारी बसवलं. आलेख काढणारा प्रोग्रॅम साहेबांनीच लिहिलेला, ते साहेब व्हायच्या आधी.

"हा बघा तुमचा पठ्ठ्या. कडी लावतो, आकडे उचलतो, आणि आतच ठाण मांडून अख्खा आलेख रंगवतो. तोवर लिहिणारा बाहेर ताटकळतोय. आकडे उचला, कडी सोडा, बाहेर येऊन काय रंगवायचं ते रंगवा!"

चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या. पडदा सुरळीत धावू लागला. कडी जिथल्या तिथे, आणि ताईही.

"हे आधी नाही का सांगायचं?" साहेब पुटपुटले.

"आधी तुम्हाला 'नाही' म्हणायचं होतं. त्यात वेळ गेला."

रात्री जेवताना हे तिने आम्हाला अगदी साहेबांच्या आवाजासकट करून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे आता मला विकणं रद्द?"

दुसऱ्या दिवशी ताईला लवकर निघायचं होतं, ते बडं गिऱ्हाईक येणार होतं ना. आमच्याकडे बाथरूम एकच. मी आत, पेपरातल्या शब्दकोड्याचा शेवटचा शब्द अडलेला. दारावर धाडधाड थापा पडू लागल्या.

"अगं, थांब की!" मी आतून ओरडलो. "कडी हवीच म्हणून साहेबांशी भांडलीस ना?"

"कडी हवी, पेपर नको!"