ओढणीतली तूर

ममता राठोड नर्सिंग शिकून आली, तेव्हापासून महागावकडच्या त्यांच्या तांड्यावर कुणी म्हातारं आजारी पडलं की तिलाच हाक यायची. ती जायची, अंग पुसून द्यायची, कूस बदलायची. निघताना त्या घरची बाई सुपातली तूर तिच्या ओढणीत घालायची. म्हाताऱ्याचं करणारीला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, ही तिथली रीत. त्याला कुणी मजुरी म्हणत नसे.

पुढे इंग्लंडात म्हाताऱ्यांचं करायला माणसं मिळेनात, म्हणून इकडून बोलावणं आलं. पण नियम असा, की असल्या कामाला येणारीनं लेकरू सोबत आणायचं नाही. यांच्या आईबापाचं करायला दुसऱ्याची आई चालते, तिचं लेकरू तेवढं चालत नाही! हे ज्या शहाण्याला सुचलं, त्यानं झोपलेलं लेकरू मागे ठेवून कधी घर सोडलं नसणार. ममताची लेक दीपा आजीजवळ, सुखीबाईजवळ राहिली. ‘तिथं टिकले की तुला यवतमाळच्या चांगल्या शाळेत घालते,’ असं ममतानं तिला कबूल केलं होतं.

टिकणं मात्र तिच्या हातात नव्हतं. व्हिसा एकाच कंपनीशी बांधलेला. कंपनीनं काढलं तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अहो, आमच्याकडे सालगड्यालासुद्धा पाडव्याला मालक बदलता येतो!

कंपनी कबूल केलेलं काम देईना. विचारलं की मॅनेजर गोड हसून व्हिसाची आठवण करून द्यायचा. रिकाम्या दिवशी ममता शेजारच्या एकट्या म्हातारीकडे जाऊन बसू लागली. तिचे सुजलेले पाय चोळून दे, केस विंचरून दे. एकदा निघताना म्हातारीनं लोकरीचा कोट आणि बटाट्यांची पिशवी पुढे केली. ममतानं घेतली. अशा वेळी नाही म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिनं पुन्हा कामाचे तास मागितले, या वेळी लेखी. तेव्हा मॅनेजरला तो कोट आठवला; कुणी दिला, हे तिनंच त्याला सरळपणे सांगितलं होतं. दुसरीकडे काम करून मोबदला घेतलास, व्हिसाचा नियम मोडलास, म्हणाला. काम न देणारा साव, आणि म्हातारीचे पाय चोळणारी चोर! नोकरी गेली. दुसरी कंपनी मिळाली नाही. ती घरी आली, आणि पुढे त्या सरकारनं परदेशातून अशा बायका बोलावणंच बंद करून टाकलं. यवतमाळच्या शाळेचं नाव आता घरात कुणी काढत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तुळसाबाईच्या नवऱ्याला लकवा झाला. ममतानं त्याला स्वच्छ केलं, चादर बदलली. तुळसाबाई सूप भरून तूर घेऊन आली, तशी ममता मागे सरकली.

“राहू दे काकी. मले नको.”

“काहून वं? आमच्या घरची तूर चालत नाही का तुले?”

 मागे सरकण्याआधी ममतानं दाराकडे पाहिलं होतं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. आपल्याच तांड्यावर, आपल्याच काकीकडून मूठभर तूर घ्यायला ती त्या मॅनेजरला भीत होती! हे लक्षात आलं आणि तिला संताप आला. तिनं ओढणी पसरली.

“टाक काकी,” ती म्हणाली. “भरून टाक.”