आईच्या गाडीचा ब्रेक

मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे लिहिणं म्हणजे पेपरात उत्तरं लिहिणं, एवढंच मला माहीत. तरी एका जुनाट गाडीबद्दल लिहायला बसलोय. चुकलं तर माफ करा. पण त्या गाडीला कोणी भंगार म्हटलं, तर ते मात्र ऐकून घेणार नाही.

आमची मेंढरं होती. न्हावऱ्याला थोडी जमीन होती, पण दिवाळी झाली की माझे वडील, आप्पा, आणि त्यांचे थोरले भाऊ, तात्या, कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर, बायका पायी. मी बारावीत असताना आईचे गुडघे गेले. तिनं आता गावातच राहायचं, असं तात्यांनी ठरवून टाकलं. आप्पांनी दौंडहून एक जुनी व्हॅन आणली. पूर्वी ती कुठल्याशा बेकरीची होती. बाजूला पावाचं चित्र होतं, त्यातला अर्धा पाव उडालेला. आईनं आत फळ्यांचा पलंग केला, भांड्यांना खोके ठोकले. पत्रा उन्हानं तापायचा, म्हणून आतून जुनी घोंगडी चिकटवली. नव्या घोंगडीला आम्ही चिंचोक्याची खळ लावतो, तीच खळ तिनं पत्र्याला लावली. शेळ्यांनी खालचा भाग चाटून काढला, तो तिनं पुन्हा चिकटवला.

आमच्यात बाई थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. दोघं चार हातांवर असली तरी बोलणं माझ्यामार्फत.

“तुझ्या आईला सांग, पावाच्या गाडीत माणसं ऱ्हात न्हाईत.”

“त्यास्नी सांग, घोड्यावर कोंबड्या बसून जात्यात. मग मी गाडीत बसले तर काय बिघडलं?”

मी मध्ये उभा. सांगायची गरजच नसायची, दोघांनी सगळं ऐकलेलं असायचं.

गाडीची पहिली वारी घाटाची ठरली, आणि निघायच्या आठवडाभर आधी कासुर्डीजवळ आप्पा गाडी चालवत असताना ब्रेकचा पेडल तळाला गेला. गाडी कांद्याच्या शेतात जाऊन थांबली. तात्या तिथंच होते.

“सपाटीला थांबंना, घाटात काय थांबंल?” त्यांनी अट घातली. नीट उतरली तर ठीक. नाहीतर ती तिथंच विकायची आणि आईनं एसटीनं गावाला परत यायचं, कायमचं. आप्पांनी मान डोलावली. मला त्यांचा राग आला.

दौंडच्या मिस्त्रीनं चाकांतली फाटलेली रबरं दाखवली, नवी दिली आणि ब्रेकच्या तेलाच्या पाइपांत शिरलेली हवा कशी काढायची ते सांगितलं. बाकी काम मी अंगणात केलं. पेडल दाबायला माणूस हवा होता. आई चढून बसली.

“दाब. धरून ठेव. आता सोड.”

प्रत्येक दाबाला तिचा गुडघा दुखत होता, ते तिच्या श्वासावरून कळायचं. चारी चाकं झाली, तरी पेडल मऊच. मी एसटी धरून दौंडला मिस्त्रीकडे गेलो.

“सुरुवात कुठनं केली?”

“पेडलजवळच्या चाकापासून.”

“कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय? लांबचं चाक आधी!”

परत आलो. आईला सांगितलं, सगळं पहिल्यापासून करावं लागणार. ती म्हणाली, “मग बस की खाली. मी काय दमले न्हाई.” पुन्हा चारी चाकं. शेवटी पेडल दगडासारखा लागला. ओसरीवरून तात्या म्हणाले, “तुझ्या आप्पाला सांग, घोड्याला टाच मारतो तशी त्येला मारू नगंस.”

ते निघाले. माझी परीक्षा होती, मी दौंडला थांबलो. दोन पेपर कसे दिले, आठवत नाही. प्रत्येक उत्तर लिहिताना वाटायचं, मागच्या चाकाचा हवा काढायचा नट मी पुरता आवळला होता ना?

तिसऱ्या पेपरच्या दिवशी कॉलेजसमोरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. पलीकडे आप्पा होते.

“उतारलो.”

“ब्रेक?”

“लागला. पर ऐक. निम्म्या घाटात तात्याचं घोडं लंगडायला लागलं. वझं घेऊन चालंना. तात्या नुसता हुभा. सांगायला तू बी न्हाईस.”

“मग?”

“मग तुझी आई गाडीतनं उतारली. डोईवर पदर घेतला आन् त्याच्या तोंडावर बोलली. ‘भावजी, घोड्यावरचं सोडा. गाडीत टाका.’”

मी विचारलं, “तात्या काय म्हणाले?”

“काय म्हणतोय? सोडलं. तुझी चुलती, कोंबड्या, भांडी, समदं गाडीत. त्यो मातूर घोडं धरून चालतच उतारला.”