गाण्याच्या डॉक्टरीणबाई

बाईंना गाता येत नव्हतं. संगीत आणि मनाचं स्वास्थ्य या विषयावर विद्यापीठात एवढं मोठं संशोधन चालवणाऱ्या बाई, पण त्यांना सूर म्हणून लागायचा नाही. आणि तरी गटात सगळ्यांत मोठ्यांदा त्याच गायच्या. मी लहानपणापासून गाणं शिकलेली, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या शेजारी बसून माझा जीव जायचा. एकदा न राहवून म्हटलं, "बाई, तुम्ही जरा हळू म्हटलंत ना, तर बाकीच्यांना सूर सापडेल."

त्या हसल्या. "अगं मेधा, सूर सापडून काय करायचंय त्यांना? मीच एवढी वाईट गाते म्हटल्यावर ते लाजायचे थांबतात."

मी तेव्हा ठाकुर्लीला राहायचे आणि त्यांच्या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून नुकतीच लागले होते. दर गुरुवारी आम्ही दोघी शहाडवरून रिक्षा करून मोहन्याला जायचो. तिथल्या समाजमंदिरात जुन्या कारखान्यातल्या कामगारांची कुटुंबं जमायची. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण माणसं अजून त्या भोंग्याच्या वेळेलाच उठत होती. त्यांना एकत्र बसवायचं, त्यांची जुनी गाणी, भजनं, जे येत असेल ते म्हणून घ्यायचं आणि त्याने त्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते बघायचं, असा तो अभ्यास. 'डॉक्टर' हा शब्द ऐकून पहिल्या दिवशी बायका रक्तदाबाच्या गोळ्या दाखवायला घेऊन आल्या. बाईंनी समजावून सांगितलं, तरी त्यांचं नाव 'गाण्याच्या डॉक्टरीणबाई' पडलं ते पडलंच.

'छान वाटलं' या उत्तरावर बाईंचा राग होता. कुणी असं म्हटलं की त्या मांडी सरसावून पुढे सरकायच्या. "छान म्हणजे काय? काल झोप लागली का? सकाळी अंघोळीला उठावंसं वाटलं का? सुनेशी बोललात का?" माणसं गोंधळायची. मग हळूहळू खरं बोलायला लागायची. मला त्या सांगायच्या, "समोर पाहुणी आलीय, तर तिला बरं वाटावं म्हणून लोक छान म्हणतात. आपण पाहुण्या नाही."

बाई मूळच्या ठाण्याच्याच. आजोबा मिठागरात काम करायचे, वडिलांची भातशेती होती. त्या शेतावर आता टॉवर उभा होता आणि त्यातच, माजिवड्याला, वरच्या मजल्यावर बाई एकट्या राहायच्या. विभागात अगदी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई भावाचा फोन आला की पार बदलून जायच्या. "नाय येवाची मी! सांगलं ना एकदा!" फोन ठेवला की परत 'आपल्या नमुन्याची निवड' वगैरे सुरू. मला त्या दोन्ही बाई आवडायच्या.

या विषयाकडे कशा वळलात, असं मी एकदा रिक्षात विचारलं होतं. त्यांची आत्या धवलारीण होती. म्हणजे त्यांच्या समाजातल्या लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडणारी. तिचा तरणा मुलगा खाडीत बुडून गेला आणि दिवस होतात न होतात तोच ती शेजारच्या गावात लग्नाला गायला गेली. लोकांनी नावं ठेवली. बाई तेव्हा शाळेत होत्या. त्यांनी आत्याला विचारलं, कशी गेलीस गो? आत्या म्हणाली, "गातंय तवर दुखत नाय." बाईंनी विचारलं, "नि मंग?" "मंग दुखतं."

"बस," बाई मला म्हणाल्या, "माझं सगळं संशोधन एवढंच आहे. ते 'तवर' थोडं लांबवता येतं का, तेवढं बघायचंय."

गटात सावंतकाका होते. कारखान्यात फिटर होते. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. ते सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायचे. ढोलकी नव्हती, तर स्टीलच्या डब्यावर असा ठेका धरायचे की बसलेल्या बायका उठून फेर धरायच्या. सुरुवातीला ते कुणाशी बोलत नसत. वर्षभरात ते गटाचा प्राण झाले. बाईंनी कितीही खोदून विचारलं तरी त्यांची उत्तरं स्वच्छ असायची. झोप लागते, भूक लागते, पुढच्या गुरुवारची वाट बघतो. विभागात बाई त्यांच्याबद्दल बोलताना जराशा फुलायच्या. त्यांना असं फुललेलं मी एरवी पाहिलं नाही.

एका गुरुवारी सतरंजी अंथरलेली नव्हती. बायका पायरीवर उभ्या होत्या. सावंतकाकांनी आदल्या दिवशी स्वतःला संपवलं होतं.

आम्ही तशाच त्यांच्या खोलीवर गेलो. मुलगी आली होती. शेजारीण बाईंना सांगत होती, "गुरुवारी नुसते खुशीत असायचे हो. बाकीचे दिवस दार उघडायचे नाहीत. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे येतात म्हणजे बरे असतील." बाई मुलीसमोर जमिनीवर बसल्या.  ती शांतपणे म्हणाली, "पप्पा फोनवर तुमचंच सांगायचे. बाई सगळं विचारतात म्हणायचे. मग तुम्हाला कसं नाही कळलं?"

बाई म्हणाल्या, "नाही कळलं गो."  परतताना रिक्षात मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी मान हलवली आणि शहाड येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

पुढच्या गुरुवारी गट जमला. सगळे आले, कुणी सांगितलेलं नसताना.  बाईंनी गाणं सुरू केलं, नेहमीसारखं मोठ्यांदा, नेहमीसारखं बेसूर. कुणीच साथ दिली नाही. मीही नाही. बाईंनी एक कडवं एकटीने म्हटलं, दुसऱ्याचा पहिला शब्द उच्चारला आणि थांबल्या. बाहेर कुठेतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तेवढ्याच ऐकू येत होत्या.

प्रकल्पाचा अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा विभागप्रमुख त्यांच्याशी फार समजुतीने बोलले. "मॅडम, एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. बाकीच्यांचं बघा ना, सगळे आकडे आपल्या बाजूने आहेत."

"सर, हे मीच शिकवते पोरांना," बाई म्हणाल्या. "एका माणसावरून काही ठरत नाही, बरोबर आहे. पण तो जिवंत होता तेव्हा त्याचेही आकडे आपल्याच बाजूने होते. मग बाकीच्यांचं मला काय माहीत आहे?"

त्यांनी अहवालात तसंच लिहिलं. गाण्याने त्या दिवसापुरतं माणूस हलकं होतं, त्यापुढचं आम्हाला दिसलं नाही, आणि जे दिसलं असं वाटलं त्यावर आमचाच विश्वास नाही. पुढचं अनुदान आलं नाही. त्यात नवल काही नव्हतं. मोहन्याच्या समाजमंदिरात मुलांच्या शिकवणीचे क्लास सुरू झाले. मला एका कंपनीत नोकरी मिळाली. तिथे कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून दुपारी मंद संगीत लावायचं आणि त्याबद्दल छान छान मजकूर लिहायचा, असं काम. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

मी अधूनमधून माजिवड्याला जायचे. एकदा म्हटलं, "बाई, प्रकल्प गेला खड्ड्यात. आपणच जाऊ या ना दर गुरुवारी. नुसतं गायला." त्या खिडकीतून खालचे उड्डाणपूल बघत होत्या. "त्यांना काय सांगू? याने बरं वाटेल असं? ते एकदा सांगून झालंय माझं." घरात रेडिओ नव्हता, टीव्ही बंद. खालून गाड्यांची घरघर मात्र अखंड यायची. चहा त्या करायच्या, पण स्वतःचा कप तसाच ठेवायच्या. माणसं विसरतात तसं हे नव्हतं. प्यावासा वाटत नव्हता.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. भावांनी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. मी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सगळं समजतं गो त्यांना. पन शब्द येत नाय. चिडतात मंग." बाई मला बघून रडल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, नुसता आवाज आला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाण्यातून शब्द सापडतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वहिनी औषध आणायला खाली गेल्या तेव्हा मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मोहन्याच्या बायका म्हणायच्या ते जात्यावरचं गाणं अगदी हळू सुरू केलं. बाईंनी डोळे उघडले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता येईल. मी पुढची ओळ घेतली, जरा मोठ्याने.

त्यांनी डावा हात उचलला. त्याला वेळ लागला. त्यांनी तो माझ्या तोंडावर ठेवला. जोर काही नव्हता त्यात, मी सहज बाजूला करू शकले असते.

मी गायचं थांबवलं. वहिनी वर येईपर्यंत हात तिथेच होता.