माळ्यावरून उतरलेली सीट

रविवारी सकाळी लहान मुलाला गाडीत बसवायची ती सीट माळ्यावरून खाली आली तेव्हा सगळ्यांना फार मोठी मोहीम फत्ते केल्यासारखं वाटत होतं. मोठ्या दिरांनी स्टुलावर चढून ती ओढली, नवऱ्याने खालून झेलली आणि सासूबाईंनी ओल्या फडक्याने कानाकोपरा पुसायला घेतला. पुसता पुसता त्या सीटशी बोलतही होत्या.

"आमच्या छकुलीला वाचवलंस हो बाई. आता पिल्लूला सांभाळ."

धाकटी सून दारात उभी होती. कडेवर सव्वा वर्षाचं पिल्लू.

"ही अपघातातली ना?" तिने विचारलं.

"तीच तर!" सासूबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला.

सिग्नलला उभ्या असलेल्या दिरांच्या गाडीला मागून ट्रक भिडला होता. डिकी चेपून पार आत आली. गाडी भंगारात गेली, आणि या सीटमधली त्यांची छकुली हातातलं बिस्किट पडलं म्हणून रडत बाहेर निघाली. तेव्हापासून घरात त्या सीटचा मान एखाद्या कर्त्या माणसासारखा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट ऐकावीच लागे.

या घरात पाळण्यापासून टोपड्यापर्यंत सगळं एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायचं. धाकटीची त्याला कधीच ना नव्हती. आत्तासुद्धा पिल्लूच्या अंगात छकुलीचा फुलाफुलांचा जाड स्वेटर होता आणि तो मुलगा त्यात ऐटीत मिरवत होता.

"मी याला यात बसवणार नाही," ती म्हणाली.

"अगं, साधा ओरखडा नाही तिच्यावर," नवरा म्हणाला.

"बाहेरून नसेल. आमच्याकडे धातूच्या बटणावर आपटलेली सुई टाकून देतात. सरळ दिसत असली तरी."

आमच्याकडे म्हणजे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या फॅक्टरीत. ती तिथे लागली होती दोरे कापायला, आणि आता कटिंगचं अख्खं टेबल तिच्या हाताखाली होतं. एका मुलीने अशीच आपटलेली सुई परत मशीनला लावली होती. तिचं टोक तुटून कॉलरमध्ये गेलं, आणि ते शोधायला शिवून झालेले शर्ट सगळ्यांनी मिळून उसवले होते.

"सुई आणि सीट एकच का?" दीर हसले. "तुमच्याकडे माणसं सुईवर बसवतात वाटतं!"

"भाऊजी, मग गाडी का भंगारात दिलीत? चाकं तर फिरत होती की."

दिरांना एकदम चहाची आठवण झाली.

खरं तर तिने नवी सीट आधीच बघून ठेवली होती. पिल्लूला आणि गाडीला, दोघांनाही दुकानापर्यंत नेलं होतं. विक्रेता हत्तीच्या चित्रांची, पेला ठेवायला खाच असलेली सीट दाखवत होता. ती म्हणाली, हत्ती राहू देत, आधी गाडीत लावून दाखवा. दोन सीटा लावल्या तर पुढची खुर्ची इतकी सरकवावी लागे की चालवणाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. तिसरी बसली. दोन्ही बाजूंनी लागणारी होती ती. आत्ता मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, आणि पुढे अंगाने वाढला की सीट फिरवायची, पट्टे वरच्या खाचेत घ्यायचे.

"वर्षाचा झालाय की, ताई. आत्ताच पुढे तोंड करून लावा, बाहेरचं बघेल," विक्रेता म्हणाला होता.

"बाहेरचं त्याला जन्मभर बघायचंय. आधी मान बळकट होऊ दे."

धाकटीने हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी फडकं बादलीत आपटलं. "म्हणजे आमची पोर हिच्यात वाचली ते खोटं?"

"खरंय, आई. तिने तिचं काम केलं. पण ते काम एकदाच होतं तिच्याच्याने."

"बरं. तुला नको ना? नको. माझ्या लेकीला सातवा चाललाय. तिच्या बाळाला देईन मी. ती तुझ्याएवढी शहाणी नाही."

वाद इथे मिटवता आला असता. नवऱ्याने तेच कानाशी सांगितलं, "सोड ना आता. झालं ना तुझ्या मनासारखं?"

धाकटीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पिल्लूला त्याच्या हातात दिलं, आत गेली आणि कामाच्या पिशवीतून कात्री घेऊन आली. कापडाची कात्री. त्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी फोडली होती, तर त्याला पुढचे कित्येक दिवस नुसतं "हं" आणि "नाही" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

ती सीटसमोर मांडी घालून बसली.

"ताई, सीट तुमची आहे," ती जावेला म्हणाली. "पट्टे कापते. कापू ना?"

"विचारतेस काय? ती नाहीच म्हणणार!" सासूबाई ओरडल्या.

मोठी जाऊ इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने पुरी केली.

"ही सीट माळ्यावर मी टाकली ती जपायला नाही, आई," ती म्हणाली. "मला ती डोळ्यांसमोर नको होती. काप गं तू."

पट्टा चिवट निघाला. एका झटक्यात तुटेना. धाकटीला तो करवतीसारखा कापावा लागला.

"धार आहे का कात्रीला?" दिरांनी कपाच्या आडून विचारलं.

"होती."

एक पट्टा लोंबला, मग दुसरा. "मला हे बघवत नाही," असं म्हणत सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मधला राहिला," जाऊ म्हणाली.

दुपारी नवी सीट आली. धाकटीने गुडघा रोवून, सगळं वजन टाकून गाडीचा पट्टा आवळला आणि सीट हलवून पाहिली. मग पिल्लूचा स्वेटर काढला.

"गारठेल तो!" खिडकीतून सासूबाई.

"जाड कपड्यावर पट्टा सैल राहतो." तिने खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. चिमटीत आला नाही. मग स्वेटर वरून पांघरला. "आणि वन्संच्या बाळालाही नवीच येईल. मी आणीन."

"मोठी आली आणणारी. आणि उद्या हिलाही कुणी धडकलं म्हणजे?"

"तर हिचेही पट्टे कापीन," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. "येताय का, आई? जाता जाता कात्रीला धार लावून आणायचीय."