नीलिमाच्या घरची सोयर

तीस वर्षं मी या गावात अंगणवाडी चालवली, आणि त्या तीस वर्षांत सोयरीशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही. घरात लेकरू जन्मलं की त्या घराला शिवायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, बाळंतिणीला कोपऱ्यात बसवायचं. मी घरोघर जाऊन सांगायची, अहो, बाळ झालंय, पाप नाही झालेलं. म्हणून शेजारच्या नीलिमाने गेल्या दिवाळीत सोयर पाळायला काढली तेव्हा माझं डोकंच सणकलं.

नीलिमा म्हणजे सुगंधाबाईची सून, धनराजची बायको. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक पाहिजेच. वडशाच्या एका कंपनीत नीलिमा नायिका. होळीपर्यंत ती नाटकं करते आणि एकेका नाटकाचे, म्हणजे नाईटचे, पैसे घेते. त्यावर आणि धनराजच्या दोन एकर धानावर घराचं वर्ष निघतं. स्टेजवर रडली की अख्खं गाव रडवते. घरी मात्र मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

या बाईला धनतेरसेला मुलगी झाली. म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. सरकारी नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा असते, नाटकवालीला कुठली? स्टेजवर उभी राहिली तर पैसे, नाही तर नाही. तेव्हा रजा नीलिमाने स्वतःच स्वतःला दिली. अख्खा हंगाम घरी. मागच्या होळीला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हापासून ती त्या रजेसाठी पैसे बाजूला टाकत होती. एका हंगामाच्या कमाईवर दोन वर्षं काढायची होती.

“बाळ घेऊन नाटकाला जातात की बायका,” मी एकदा म्हटलं होतं.

“मी पाह्यले ना बाई ते लेकरं,” ती म्हणाली. “कपड्याच्या पेटीत निजवतात त्याईले. मायचा सीन संपत नाई, लेकरू रडून रडून आपोआप गप्प होते. माही पोरगी पेटीत नाई निजणार. ती बसती होईपर्यंत मी स्टेजवर उभी राहत नाई.”

आणि मग तिने घर असं आवळलं की विचारू नका. नाटकातल्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट आणि दुपटी झाली. राणीच्या शालूचं काही जमेना, त्याची जर बाळाला टोचायची, म्हणून तो पाळण्यावर बांधला. आमच्या गल्लीत राजवाड्यातल्यासारखा पाळणा तेवढा एकच. बाजारातलं बाळतेल बंद, घरच्या जवसाचं तेल चालू. तिघांच्या तीन मोबाईलपैकी एकात रिचार्ज. गॅस फक्त बाळाच्या पाण्यासाठी, बाकी सगळं चुलीवर, आणि सरपणाला धनराज चौघांच्या टोळीतच जायचा, कारण तलावाच्या मागच्या बाजूला वाघीण फिरत होती. डिंकाच्या लाडवात काजू-बदामांऐवजी घरचं जवस आणि वाळवलेली मोहफुलं. मी एक खाऊन पाहिला. बाळंतीण नसूनही दुसरा मागितला.

सगळ्यात मोठी कुऱ्हाड पडली धनराजच्या खर्ऱ्यावर. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला भात एक वेळ नसला तरी चालतो, पण तंबाखू-सुपारीचा घोटलेला खर्रा खिशात पाहिजे. दिवसाला तीन पुड्या खाणारा माणूस. नीलिमाने त्याला रागावून नाही सांगितलं. बाळाला त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “एक खर्रा म्हणजे इचं एक पाव दूध, मी दूध पेली तवा इले भेटते. तुमी दिवसाचं पाऊण लिटर थुंकून राह्यले.” बिचारा आठ दिवस चिंचेचा पाला चघळत फिरला. पण सोडला.

हे सगळं ठीक. आता मंडई आली.

मंडई काय असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गावची मंडई म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचं लग्नच. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे भाऊ येतात, त्या भावांचे मित्र येतात. दिवसा फिरायचं, रात्री नाटक पाहायचं, आणि दोन्ही वेळा जेवायला तुमच्याकडे. कोंबडी नाही तर मटण. नाही म्हणायची सोय नाही, कारण त्यांच्या मंडईला तुम्हीही जेवून आलेले असता. त्यातून सुगंधाबाईचं घर म्हणजे पाहुण्यांचं माहेर. मंडईच्या दिवशी तिच्या अंगणात किती पंगती उठल्या हे पुढच्या मंडईपर्यंत गावाला ऐकावं लागायचं. त्या वर्षी मंडई आली दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी. सुगंधाबाईने ठरवूनही टाकलं, बाराव्या दिवशी बारसं करून सोयर फेडायची आणि लगेच मंडई गाजवायची. उसनवारीची मोठी गंजं, म्हणजे पातेली, आणून धुऊन ठेवली.

बाराव्याच्या आदल्या दिवशी नीलिमा म्हणाली, “आई, सोयर सव्वा महिना पाळू.”

मी तिथेच होते, बाळाचं वजन करायला गेलेली. निवृत्त झाले तरी सवय जात नाही.

“बाराव्याले फिटते ना व माय!” सुगंधाबाई म्हणाली.

“तुमीच तर सांगतल्या सातव्या महिन्यात. सव्वा महिना बाळंतिणीच्या घरी बाहेरच्यानं पाणी नाई प्याव, लेकराले बाधते. मले बहुत भेव वाटते, आई.” आणि डोळ्यात असं पाणी आणलं की मीसुद्धा क्षणभर फसले.

सुगंधाबाई आपल्याच शब्दात अडकली. बोललेली होतीच ती तसं, मीही ऐकलेलं. नातीला बाधेल म्हटल्यावर पुढे बोलणार काय? धुतलेली गंजं तिने उपडी घातली.

बाहेर आल्यावर मी नीलिमाला गाठलं. “शिकली-सवरलेली तू! तीस वर्षं मी घसा फोडून राह्यली आणि तूच सोयर पाळतेस?”

“बाई,” ती हळूच म्हणाली, “दोन दिवसाच्या मंडईत माहे दोन महिन्याचे पैसे जातात. नाई म्हणाव तर आईची इज्जत जाते. सोयर म्हटलं तर कोणाचीच जात नाई. पाहुणेच जेवाले तयार होत नाई, मंग आमचा काय दोष?”

मला राग आला आणि हसूही आलं. तोंड घट्ट मिटून घरी आले.

मंडईच्या दिवशी झालंही तसंच. पाहुणे आले, अंगणात उभ्याउभ्या बाळाला लांबून पाहिलं, बाळासाठी ओसरीच्या कडेला दहा-वीस रुपये ठेवले आणि दुसऱ्या घरी जेवायला गेले. माझ्याकडेच तिघे आले. नीलिमाची बचत थोडीफार माझ्या गंजातून झाली असं मी आजही म्हणते.

पण संध्याकाळी मी तिकडे डोकावले तर सुगंधाबाई ओसरीवर एकटी बसलेली. नवं लुगडं नेसलेली. गावभर मटणाचा वास, मुलांच्या पिपाण्या, आणि तिच्या अंगणात सकाळी घातलेला सडा तसाच्या तसा. एक पत्रावळ पडली नव्हती. मला पाहून तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. आतून नीलिमाने ते पाहिलं. तेव्हा तिच्याही डोळ्यात पाणी आलं, आणि ते नाटकातलं नव्हतं. मला ओळखू येतं.

“चुकली का जी मी?” तिने मला विचारलं.

“अर्धी,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

बारसं झालं सव्वा महिन्याने, धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत, जेव्हा कोणाला खळं सोडून यायला फुरसत नव्हती. ही वेळसुद्धा नीलिमाने बघूनच धरली असणार. घरचेच लोक, स्वस्तातली लाखोळीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी. मुलीचं नाव चंचल ठेवलं. सुगंधाबाईने पाळणा हलवला, पण सुनेशी कामापुरतंच बोलत होती.

सुनेवरचा राग तिने नातीवर मात्र काढला नाही. रोज सकाळी ऊन अंगणात उतरलं की ती पाय पसरून बसायची आणि बाळाला पायावर घेऊन जवसाचं तेल रगडायची. नीलिमा समोर बसून बाळाशी नाटकातले सगळे आवाज काढून बोलायची, कधी पाटील, कधी दारुड्या, कधी सासू. एके दिवशी त्या दारुड्याच्या आवाजाला चंचल खुदकन हसली. पहिल्यांदा. नीलिमा टाळ्या पिटायला लागली. मी भिंतीवरून पाहत होते. सुगंधाबाईचे हात थांबले.

“असी हासतात का पहिल्यांदा?” ती म्हणाली.

“तुमाले मालूम नाई? तुमाले तर तीन झाले,” मी म्हटलं.

“मी कुठी पाह्यली, बाई? धनराज श्रावणातला. धानाचा रोवणा चालू होता. बारावं झालं आणि मी बांधीत, चिखलात. लेकरू शेताच्या धुऱ्यावर टोपल्यात. कवा हासला, कवा पालथा झाला, मले काई मालूम नाई. दुसऱ्याईचंबी तसंच.” पुन्हा तेल घेऊन ती नातीचे पाय चोळू लागली. मग नीलिमाकडे न बघता म्हणाली, “तुही सोयर मले तवाच समजली होती. मी का येडी हावो?”

नीलिमा उठून सासूच्या शेजारी जाऊन बसली.

पण नुसत्या समजुतीवर घर चालत नाही. त्या वर्षी कापणीच्या आधी रानडुकरांनी अर्धं धान लोळवलं होतं, आणि माघात विहिरीची मोटार जळली. मोटार नाही तर उन्हाळी भाजी नाही. नीलिमाचं बाजूला टाकलेलं भराभर उतरायला लागलं. धनराज रोजीने कामाला जाऊ लागला. मी नीलिमाला विचारायचे टाळत होते, कारण तिच्या तोंडावरच दिसत होतं. होळीला अजून महिना होता.

आणि नेमका तेव्हाच लटारूभाऊ आला.

लटारूभाऊ कंपनीचा मालक. वाईट माणूस नाही, गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्यालाच नाही म्हणणं जड जातं. शिवरात्रीच्या आधी त्याची नवी नायिका पाय मुरगळून घरी बसली होती. गाडी दारात उभी करून तो अंगणातूनच सुरू झाला. “नीलिमाताई, शेवटचे आठ नाईट आहेत. दुप्पट देतो. बाळाले संग घ्या, गाडीत पाळणा बांधून देतो. काही कमी पडणार नाई.”

मी तेव्हा ओसरीवर सुगंधाबाईबरोबर लाखोळी निवडत होते. नीलिमा चंचलला खांद्यावर घेऊन दाराशी आली. दुप्पट म्हणजे मोटार दुरुस्त, म्हणजे पावसाळ्यापर्यंत घरखर्च सुटला. तिने धनराजकडे पाहिलं. धनराज जमिनीकडे पाहत होता. लटारूभाऊने खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून त्याच्यापुढे धरली. धनराजने घेतली, बोटांत फिरवली, आणि परत दिली.

“सोडला जी मी,” तो म्हणाला. एवढंच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

चंचलने मान उचलून लटारूभाऊकडे पाहिलं. नुकतीच मान धरायला लागली होती. नीलिमाचे ओठ हलले, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखते, ती हो म्हणणार होती. तोंडावर अशी हार मी तिच्या कुठल्या नाटकात पाहिली नव्हती. लटारूभाऊने ओसरीच्या पायरीवर पाय ठेवला.

“थांबा जी!” सुगंधाबाई ओरडली. लाखोळीचं सूप बाजूला ठेवून ती उठली आणि पायरीच्या तोंडाशी उभी राहिली. “वर नोका येऊ. आमच्या घरी सोयर आहे.”

लटारूभाऊ हसला. “सोयर? पोरगी तर चार महिन्याची होत आली!”

“आमच्यात लंबी राहते.”

“मंग कवा फिटते?”

“होळी झाल्यावर,” सुगंधाबाई म्हणाली. “तवरी या घरची बाळंतीण उंबरठा ओलांडत नाई. आमी तूर नाई तर लाखोळी खाऊ. माही बोरमाळ आहे, ती मोडून मोटार येते. तुमी दुसरी पाहा.”

नीलिमाने झटकन सासूकडे पाहिलं. बोरमाळ सुगंधाबाईच्या गळ्यातून मी कधी उतरलेली पाहिली नव्हती.

लटारूभाऊने पायरीवरचा पाय मागे घेतला. अंगणात उभ्याउभ्या तो माझ्याकडे वळला. “बाई, तुमी तर अंगणवाडीच्या. साऱ्या गावाले सोयर-बियर काही नसते म्हणून सांगतल्या. तुमीच सांगा इले, असते का चार महिन्याची सोयर?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सुगंधाबाई, धनराज, नीलिमा, खांद्यावरची चंचलसुद्धा. तीस वर्षांचं माझं बोलणं त्या अंगणात माझ्यासमोर उभं होतं.

“बाकी कुठी नसते,” मी म्हटलं. “या घरी असते.”