बायचं पोट

सलग चौथा दिवस होता. साडीच्या निऱ्या हातात धरून मी नुसती उभी राहिले. पलंगावर, नुकत्याच घातलेल्या चादरीवर, आमची मांजरी मान खाली घालून आचके देत होती. आधी घशातून घरघर, मग सगळं अंग आकसून पुढे ढकललं जायचं, आणि अर्ध्या तासापूर्वी खाल्लेले दाणे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर. उलटी झाली की ती दोन पावलं मागे सरकायची आणि आपलंच काहीतरी चुकलं असावं तशी माझ्याकडे बघायची. त्या बघण्यामुळे तिच्यावर रागावता यायचं नाही. राग मग दुसरीकडे जायचा. तो माझ्या आईवर गेला, आणि त्याबद्दलच मला सांगायचं आहे.

आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर काही वर्षांनी लालबागची चाळ सुटली आणि आम्ही करी रोडला एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर आलो. घर चांगलं आहे, वारा भरपूर येतो. पण चाळीत आईला दिवसभरात वीस माणसं भेटायची, इथे लिफ्टमध्ये भेटलं तर एखादं. मी दादरच्या एका शाळेत शिकवते. सकाळी साडेसहाला बाहेर पडते ती तीनच्या सुमाराला परतते. तेवढा वेळ आई त्या उंचीवर एकटी.

एक दिवस ती बाजारातून आली तेव्हा पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी एक पिल्लू होतं. खाली पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला चिकटून बसलेलं. मला मांजरांची फारशी आवड नव्हती, पण आईने मला विचारलंही नव्हतं. ती त्या पिल्लाला ‘बाय’ म्हणू लागली, आमच्याकडे मालवणात लहान मुलीला म्हणतात तसं. मी लहान असताना ती मलाही तेच म्हणायची.

बाय आईच्या ताटाशेजारी बसून वाढली. माशाच्या रश्शात कुस्करलेला भात, तळलेल्या मांदेलीचा तुकडा, संध्याकाळी बशीत दूध. दीड वर्ष सगळं ठीक चाललं. मग पोट बिघडायला लागलं. कधी पातळ, कधी शेंबडासारखं, एकदा त्यात रक्ताची रेघ. पोटातून गुडगुड आवाज इतका मोठा यायचा की शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू यावा. खाऊन झालं की वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसायची. आईने तिला दोन दिवस ताकावर ठेवून पाहिलं. मी दुकानातून चांगल्यातला चांगला सुक्या दाण्यांचा पुडा आणला. त्यावर नाजूक पोटाच्या मांजरांसाठी असं लिहिलं होतं, एवढं मी वाचलं. बाकीची बारीक अक्षरं वाचली नाहीत. म्हणजे सकाळी माझे दाणे आणि दिवसभर आईचं जेवण, असं सुरू झालं, आणि पोटाच्या जोडीला उलट्याही आल्या.

त्या चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बायला टोपलीत घालून परळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईला चल म्हटलं नाही. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी बायचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, वजन केलं, हिरड्या पाहिल्या आणि ती काय काय खाते ते विचारलं. मी आईचा पाढा वाचला. त्यांनी सांगितलं की मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, ते आजपासून बंद. कांदा-लसणीचं वाटण तर मांजराला अजिबात नको, ते पोटापुरतं राहत नाही, रक्तालाही बाधतं. जंताचं औषध दिलं, शी तपासायला आणायला सांगितली. आणि हेही म्हणाल्या की हे एवढंच कारण असेल असं नाही, काय खाल्लं की काय होतं ते नीट बघा, जमलं तर फोटो काढून ठेवा. हे शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं, पण मी घरी नेलं नाही. मला हवा तो निकाल मिळाला होता.

आई ओट्याशी भाकरी थापत होती. मी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, “तू तिला मारून टाकणार आहेस. लाडाने.”

आईने तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि हात धुतले. त्या संध्याकाळी दुधाची बशी घासून फडताळात वरच्या कप्प्यात गेली, आणि ताटातला घास देणंही थांबलं.

चार-पाच दिवस बाय बरी होती. मला वाटलं, झालं. मी तिला पुड्यातले दाणे आणखी थोडे वाढवून देऊ लागले, कारण आता दुसरं काहीच मिळत नव्हतं. मग पुन्हा उलट्या. आता कानामागे खाजवून खाजवून एक टिचभर जागा उघडीही पडली होती. माझी खात्री होती की मी शाळेत गेले की आई चोरून काहीतरी देत असणार. मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली. तरी मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून काटे आहेत का ते पाहिलं. एकदा जेवून उठल्यावर तिचं ताटही पाहिलं. मी ते पाहत असताना तिने मला पाहिलं. आज हे लिहितानाही बरं वाटत नाही.

असे तीन आठवडे गेले. एका शनिवारी दुपारी घरी येताना मी लालबागच्या बाजारातून आले. तिथे आईची एक ठरलेली कोळीण आहे, शीव कोळीवाड्याहून येते. आई आणि ती एकाच वयाच्या, दोघींची ओळख माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची. मला बघून तिने हातातला कोयता बाजूला ठेवला.

“तुजी आई बरी हाय ना गो?” तिने विचारलं. “तीन आठवडं झालं, फिरकली नाय.”

मी म्हटलं, बरी आहे. आणि मग तिथेच उभी राहिले. माझी आई आठवड्यातून चार दिवस मासे खाणारी बाई. वडील गेले तेव्हाचे दिवस सोडले तर तिने मासे टाकल्याचं मला आठवत नव्हतं. तीन आठवडे आमच्या घरात वरण, भात, भेंडी, दुधी चाललं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी काटे शोधत होते आणि घरात मासळीच आलेली नव्हती.

घरी जाऊन मी आईसमोर बसले. मासे का आणत नाहीस, एवढंच विचारलं. तिने सरळ सांगितलं. मासे शिजले की बाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसते आणि तोंड वर करून रडते. तिच्यासमोर बसून आपण खायचं आणि तिला द्यायचं नाही, हे तिला जमत नव्हतं. आणि घरात मासे असले तर मी तिच्यावर संशय घेणार, हेही तिला ठाऊक होतं. मग कशाला आणायचे.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सोमवारची वेळ घेतली. या वेळी आईला बरोबर नेलं.

बाईंनी मला विचारायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की उत्तरं माझ्याकडे नाहीत. त्या आईकडे वळल्या. दिवसभर बायजवळ असणारं माणूस तीच होती. तिने जे पाहिलं होतं ते तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दाणे खाल्ले की तासाभराच्या आत उलटी होते. पाण्याने होत नाही, गवताचं एखादं पातं चावलं तरी होत नाही. सकाळी दाणे खाऊन झाले की कान खाजवायला लागते. आणि मागे एकदा, घरात मासे येणं थांबण्याआधी, पुडा संपला होता, मला नवा आणायला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा आईने तिला हळद-मीठ न घालता नुसती उकडलेली मुडदुशी मासळी दिली होती. ते दोन दिवस बायचं अंग कसं हलकं होतं, ती खिडकीत जाऊन बसली होती, हेही आईने सांगितलं.

“तेवा तिना खाल्ल्यान आणि काय्येक झाला नाय,” आई म्हणाली.

बाईंनी मला पुड्याचं नाव विचारलं आणि मोबाइलवर त्याची माहिती काढून माझ्यासमोर धरली. ज्या बारीक अक्षरांकडे मी पाहिलं नव्हतं, त्यांत सगळ्यात वर चिकन होतं. त्यांनी समजावलं की काही मांजरांच्या आतड्यांना एखादं मांस सोसत नाही, आणि ते बहुधा रोज पोटात जाणारंच असतं. पण अंदाजावर जायचं नाही. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. आतड्याला थोडी सूज होती, बाकी घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की सहा आठवडे एकच एक खाणं द्यायचं, दुसरा कणही नाही.

आधी त्यांनी डॉक्टरी डब्यातलं खाणं दिलं. बायने ते हुंगलं आणि बशीवर माती ओढल्यासारखा पंजा फिरवून निघून गेली. दिवसभर काही खाल्लं नाही. बाईंनी आधीच बजावलं होतं की मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नसतो, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्यांच्या लिव्हरवर येतं. मी फोन केला. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, आईंनी दिली होती ती मासळीच घेऊ या. फक्त उकडलेली, काटे काढून, आणि नुसत्या माशावर मांजराचं भागत नाही म्हणून त्यात त्यांनी दिलेली पूड मोजून.

मुडदुशी आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, पचायला हलकी म्हणून. कोळणीला आईने कारण सांगितलं तेव्हा ती जरा हसली, पण रोज ताजी बघून बाजूला ठेवू लागली. आई चष्मा लावून एकेक काटा काढायची. दिवसाचं खाणं चार वेळा थोडं थोडं, कारण एकदम दिलं तर बाय अधाशासारखं गिळायची. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब, खिडकीपाशी. घरी कोणी आलं तर आई पहिलं वाक्य तेच म्हणायची, तिका काय घालू नको. माझ्याकडे काम होतं फोटो काढायचं. शाळेत एकदा सहकारी शिक्षिकेला सहलीचे फोटो दाखवत होते, बोट जास्त सरकलं आणि तिच्यासमोर बायची सकाळची शी आली. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी मात्र अभिमानाने सांगितलं की कित्येक महिन्यांनंतरची ही पहिली घट्ट शी आहे.

तिसऱ्या आठवड्यात उलट्या थांबल्या. कानामागे बारीक लव आली. सहा आठवड्यांनी वजन भरू लागलं होतं. मग बाईंनी सांगितलं की खात्रीसाठी एकदा थोडं चिकन देऊन बघायचं. आईला ते पटेना, बरी झालेल्या जिवाला पुन्हा का छळायचं म्हणून. शेवटी मीच नखाएवढा उकडलेला तुकडा भरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाय पुन्हा वॉशिंग मशीनच्या मागे होती आणि बाहेर उलटी पडली होती.

मी ती पुसली. आई शेजारी उभी होती. मी वर न बघता म्हणाले, “मी तुला उगाच बोलले.”

“दूध तर मीच दिलंय गो,” आई म्हणाली. “तुझा सगळाच खोटा नव्हता.” मग म्हणाली, “पण तू माझा ताट बघूक नको होता.”

त्या रात्री आम्ही बांगड्याची कढी जेवलो. बायला तिची मुडदुशी आधीच घातली होती, त्यामुळे ती रडली नाही.

आता याला दोन वर्षं होत आली. बाय पूर्ण बरी झाली असं म्हणता येणार नाही. तिचं पोट नाजूकच आहे. आता ती बाईंनी शोधून दिलेलं, चिकन नसलेलं माशाचं खाणं खाते आणि त्यात आईच्या हातची मुडदुशी. पाहुणे जास्त दिवस राहिले, फटाके वाजले, की पोट बिघडतं. बाई म्हणतात, काही मांजरांची भीती पोटातच उतरते, औषधापेक्षा शांतता द्या.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर लाद्या फोडायचं काम निघालं. सकाळपासून ड्रिल चालायचं. बायने दोन दिवस नीट खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई वॉशिंग मशीनच्या बाजूला जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि मागच्या फटीत हात घालून बायच्या पाठीवर ठेवला होता. कधीपासून बसली आहेस विचारलं, तर म्हणाली, आवाज सुरू झाला तेव्हापासून. मी पर्स टेबलावर ठेवली आणि साडी न बदलताच तिच्या शेजारी खाली बसले. चारच्या सुमाराला वरचं ड्रिल थांबलं. थोड्या वेळाने बाय बाहेर आली, बशीतलं निम्मं खाल्लं, आणि आम्ही दोघी तासभर वाट बघत राहिलो. ते पोटात राहिलं.