बांगड्यायच्या दुकानामागं मुतारी

बायांनो, आज चौकातल्या फळ्यावरच्या बातम्या पुसून मीच लिवून राहिली. अक्षर वाकडं आहे, वाचून घ्या.

सकाळी नगरपालिकेचे साहेब आपल्या अकोल्याच्या जुन्या बाजारात आले. गिऱ्हाईक ठेसनाकडल्या नव्या दुकानायकडे चाललं, ते परत आनाले सरकारनं पैसा देल्ला म्हने. त्याची इथं मोठी कमान बांधू, असं बोलले.

मी म्हनलं, "साहेब, कमान पाहाले कोन येते? तेल्हाऱ्याहून येनाऱ्या बायायले इथं आडोसा नाई, म्हनून त्या दुपारीच घरी पळतात. बायायची मुतारी बांधा."

समदे दुकानदार हो म्हनले. पन जागा इचारली तं प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याच्या दुकानाकडे! जागा देनाऱ्याले कर माफ, असं साहेब म्हनले, तरी कोनी हालेना.

माहं डोकं फिरलं. "माह्या बांगड्यायच्या दुकानामागं बांधा," म्हनून मोकळी झाली.

शेजारचा कापडवाला शेठ हासला, "काकू, आता बायायले नाक दाबून बांगड्या भराव्या लागतीन."

"भरतीन ना! पन निवांत बसून भरतीन."

साहेबायनं तिथंच चुन्यानं रेघ मारली. लई बरं वाटलं.

त्यायनं एक अट मात्र घातली, सफाई आपल्या गल्लीनं ठेवाची. सोमवार मी घेतला. मंगळवारासमोर कापडवाल्या शेठचं नाव मीच लिवून टाकलं. बाकीच्या वारायले कोन? नुसतं वाचून जाऊ नका, खडू इथंच ठेवला आहे.